भोंग्याच्या गळ्यातला मफलर

बंदराच्या फाटकावरचे तपासणी अधिकारी साहेब दहशतवादावर फार सुंदर भाषण करत. "अतिरेकी उद्या ट्रकात अणुबॉम्ब घालून शहरात आणतील! नागरिकहो, डोळ्यांत तेल घालून पहारा द्या!" असं म्हणून ते टेबलावर मूठ आपटत आणि सभागृह टाळ्यांनी दणाणून जाई. स्वतः साहेब मात्र दुपारचं जेवण झालं की कचेरीत पाय पसरून घोरत. एवढा तपशील भाषणात नसे.

एका दुपारी त्यांची थोरली बहीण भाषणाचं कौतुक करायला कचेरीत आली. ती बोलत असतानाच भिंतीवरचा लाल दिवा लागला. खालून जाणाऱ्या ट्रकात काहीतरी किरणोत्सर्गी आहे, असं फाटकातलं यंत्र सांगत होतं. साहेबांनी माशी हाकलावी तसा खिडकीतून हात हलवला. शिपायाने अडसर उचलला आणि ट्रक शहराकडे निघून गेला.

"अरे, तो दिवा कसला?" ताईने विचारलं.

"काही नाही गं, फरशा असतील. फरशांत, खतात असतो थोडाफार किरणोत्सर्ग. ते यंत्र रोजच बोंबलतं."

"बोंबलतं? मला तर काही ऐकू आलं नाही."

ताईने वर पाहिलं. दिव्याशेजारच्या भोंग्याला मफलर गच्च गुंडाळलेला होता. तिनेच विणून दिलेला!

"झोपमोड होते गं," साहेब पुटपुटले.

"लाज नाही वाटत? ट्रक उघडून बघितलास?"

"प्रत्येक ट्रक उघडत बसलो तर रांग लागेल. व्यापारी वर तक्रारी करतात. आणि आजवर कधी काही निघालंय का?"

"उघडलंच नाहीस तर निघणार कुठून? बॉम्ब आणणारा काय तुला विचारून आणणार आहे? तोही फरशाच सांगेल! बरं, आत्ता तो ट्रक कुठे आहे?"

साहेबांनी खिडकीतून शहराकडच्या रस्त्यावर नजर टाकली; ट्रक केव्हाच दिसेनासा झाला होता.

"त्याच रस्त्यावर तुझ्या लेकीची शाळा आहे," ताई म्हणाली.

अरेरे! शहराची काळजी वाहणाऱ्या या महापुरुषाला तेव्हा कुठे घाम फुटला. शहर भाषणापुरतं होतं, लेक खरी होती. त्यांनी पोलीस चौकीला फोन लावला. ट्रक सापडला तो नेमका शाळेसमोर, आणि ड्रायव्हर शांतपणे जेवत होता. ताईला घेऊन साहेब धापा टाकत तिथे पोचले. तपासणीचं हातयंत्र फिरवून त्यांनी खोक्यांमागून खोकी उघडली. फरशा! नुसत्या फरशा!

"बघ, म्हटलं नव्हतं?" साहेब घाम पुसत हसले.

ताई हसली नाही. "तुला हे आत्ता कळलं. मघाशी तुला माहीत नव्हतं. मघाशी तुला फक्त झोप आली होती."

साहेबांची मान खाली गेली. कचेरीत परतल्यावर त्यांनी खुर्चीवर चढून मफलर स्वतःच्या हाताने सोडला आणि ताईपुढे धरला.

"मला नको. पुढच्या सभेत गळ्यात घाल, आणि कुठे होता तेही लोकांना सांग."

तेवढं धाडस साहेबांना अजून झालेलं नाही. पण आता भोंगा वाजला की ते निमूटपणे जिना उतरतात आणि ट्रक उघडायला लावतात. व्यापारी शिव्या घालतात, तर घालोत.

नागरिकहो, साहेबांना हसणं सोपं आहे. पण 'असेल काहीतरी' म्हणत पुढे जाणारे आपण कोण मोठे शहाणे लागून गेलो? बॉम्ब आणणारा आपल्या याच आळसावर विसंबून येणार आहे. त्याचा तो विश्वास खोटा ठरवणं, एवढं तरी आपल्या हातात आहे!