सर बार्नबींचा डावा डोळा

भर दुपारी, सगळ्या खिडक्या बंद करून, हॅरोबीच्या धान्यबाजाराच्या सभागृहात सहाशे माणसं एका मेलेल्या खासदाराची वाट पाहत होती.

"आत्म्याला खोकला चालत नाही!" आत्मे बोलावणारे प्रोफेसर व्हील गरजले. "शंकेचा एक उसासा, आणि आलेला आत्मा परत! ज्याचं मन काळं असेल त्यानं आत्ताच बाहेर जावं."

कोणी उठलं नाही. आपलं मन काळं, हे चारचौघांत कोण कबूल करील?

मी बाजूच्या रांगेत होतो. मी लंडनच्या एका टवाळखोर साप्ताहिकासाठी लाकडी ठशांवर व्यंगचित्रं कोरतो. मी ज्यू. चित्रकार माझ्याच लोकांची नाकं हातभर लांब काढतो आणि पोटासाठी मी ती कोरतो. हॅरोबीचे इझिकल मेंडेझ, आमच्यातलेच, दोनदा निवडून आले होते. पण 'खऱ्या ख्रिस्ती श्रद्धेला स्मरून' हे शपथेतले शब्द उच्चारणार नाही म्हणाले, म्हणून दोन्ही वेळा पार्लमेंटनं त्यांना बाहेर काढलं. तिसरं मतदान परवावर आलं होतं.

मेंडेझच्या आधीचे खासदार सर बार्नबी थोरल्ड. ज्यूंना पार्लमेंटमध्ये घेण्याला जन्मभर विरोध करून चार वर्षांपूर्वी वारले. त्यांची विधवा, लेडी थोरल्ड, पहिल्या रांगेत काळ्या कपड्यांत बसली होती.

राळेचा धूर उसळला. पांढऱ्या पडद्यावर एक डोळा फुटलेला चेहरा हळूहळू उमलला, फुगला, अंगावर आला.

"मला झोप नाही..." पोकळ आवाज आला. "माझ्या बाकावर ज्यू बसला, तर मी हॅरोबीत घरोघर फिरेन..."

माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू?

शेजारचा पाववाला पिम पुटपुटला, "मेंडेझ देवमाणूस आहे हो, पण मेलेल्याशी वैर कोण घेणार? माझ्या घरी लहान पोरी आहेत."

मी पुन्हा वर पाहिलं आणि जास्तच गारठलो. हनुवटीवरची ती वेडीवाकडी रेघ माझी होती! सहा वर्षांपूर्वी सर बार्नबींचं व्यंगचित्र कोरताना माझी छिन्नी घसरली होती. फक्त ती रेघ आता दुसऱ्या बाजूला होती. ठसा उलटा कोरण्यात माझा जन्म गेला. उलटं चित्र मला लगेच कळतं.

मी पुढं जाऊन लेडी थोरल्डपाशी वाकलो. "बाईसाहेब, साहेबांचा कुठला डोळा गेला होता?"

"डावा."

"मग हा नीट बघा."

तिनं तोंडावरची काळी जाळी वर केली. बराच वेळ पाहिलं. मग ती उठली.

"तीस वर्षं मी त्यांच्या डाव्या हाताला चालले, कुठं ठेच लागू नये म्हणून," ती म्हणाली. "याचा उजवा डोळा फुटलाय. हा माझा नवरा नव्हे."

"आत्मे आरशातून येतात, बाईसाहेब!" व्हील ओरडले.

"मग आरसा दाखवा," म्हणत पिमनं पुढं धावून पडदाच ओढला.

मागं जादूचा कंदील होता, काचेवरचं चित्र पडद्यावर मोठं करून पाडणारा. त्याच्यापुढं काचेवर गिरवलेलं माझं चित्र. पडद्यामागून दाखवताना काच फिरवून लावायची असते; व्हीलचा गडी विसरला होता. तो पत्र्याचं नळकांडं तोंडाशी धरून तसाच उभा होता.

हशा पिकला. लेडी थोरल्ड हसली नाही. "तुम्ही सांगितल्यापासून तीन आठवडे मी त्यांच्यासाठी दिवा जळता ठेवलाय," ती व्हीलला म्हणाली, "ते थडग्यात तळमळताहेत असं वाटून."

मेंडेझ अकरा मतांनी निवडून आले. शपथ म्हणताना ते चार शब्द त्यांनी गाळले, आणि पार्लमेंटनं पुन्हा दार दाखवलं. तिथं ना धूर होता, ना कंदील. जिवंत, शिकलेली माणसं चार शब्दांना भूत मानून बसली होती.

लोकहो, मेलेला माणूस मत मागत नाही. त्याच्या नावानं कोणी भीती घातली, तर त्या भीतीवर कुणाची पोळी भाजतेय ते आधी विचारा. आणि ज्या माणसाची भीती घालतात, त्याच्या घरी जाऊन एकदा त्याच्याशी बोलून या.