चौथं दार

तीन दारं भिंतीला टेकून उभी होती आणि चौथं धाकट्याच्या हातात होतं. चारही पत्र्याची, चारही एकाच मापाची, आणि हेही चौकटीत शिरायला तयार नव्हतं.

धाकटा म्हणजे वेल्डर. पन्नाशी गाठली तरी सगळे त्याला धाकटाच म्हणत, कारण थोरला होता. होता, म्हणजे सात वर्षांपूर्वीपर्यंत. दोघा भावांनी एक जुना मालट्रक आणून शेडमध्ये उभा केला होता. त्याच्या पाठीवर घर उभारायचं, झोपायला फळी, स्वयंपाकाला ओटा, आणि मग निघायचं, वाट फुटेल तिकडे. थोरला मोजायचा, पत्र्यावर खडूने आखायचा. धाकटा रेघेवर कापायचा. थोरल्याच्या टेपला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा शेडचा कायदा. चार वर्षं सगळं कसं चपखल बसत गेलं.

राहिलं होतं दार. चौकट थोरल्याने स्वतः बसवली. मग त्याला कुठेतरी जायची घाई होती, म्हणून वहीतला आकडा पुढे करून म्हणाला, आज तूच आख. धाकट्याने आपल्या टेपने आखलं, कापलं, आणि दार अडकलं. थोरला परत आला तो नको ते बोलला. "एक दार तुला धड कापता येत नाही. माझ्या गाडीला हात लावू नकोस." एवढं बोलून घरी गेला आणि सकाळी उठलाच नाही.

आता कुणीही शहाणा माणूस चौकटीला टेप लावून मोकळा झाला असता. ह्याने नाही लावली. दादाच्या चौकटीवर संशय घ्यायचा म्हणजे मेलेल्या भावाला खोटं पाडायचं, हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलेलं. दार घासून कमी करायचं तेही नाही, वहीतला आकडा म्हणजे आकडा. अडलं की नवं दार. काय म्हणावं ह्या माणसाला!

आणि दार अडायचं तेही अगदी शेवटी, बोटभर राहिलं की. धाकट्याला वाटायचं, आतून कुणीतरी खांदा लावून उभं आहे. वाटायचं कसलं, त्याची खात्रीच होती. दुपारी ट्रकच्या आत टकटक व्हायची. ऊन लागलं की पत्रा वाजतो, हे वेल्डरला कुणी शिकवायला नको. तरी तो हातातलं काम थांबवून हळूच म्हणायचा, "दादा, सोड ना आता."

आज दुपारी वहिनी आली. शिवणाचा वर्ग काढायचं तिच्या मनात तीन वर्षं होतं, आणि जागा म्हणाल तर ही शेड एकच. दर वेळी धाकटा म्हणायचा, एवढं दार लागू दे, की गाडी बाहेर काढतो. ह्या वेळी ती विचारायला आलीच नव्हती, थेट मापं घ्यायला आली होती. तिने पिशवीतून टेप काढली, खिडकीखालच्या भिंतीला लावली, "एकशे एक्याऐंशी" असं पुटपुटली आणि कागदावर एकशे ऐंशी लिहिलं.

एक कुठे गेला, धाकट्याने विचारलं.

"ही ह्यांची टेप," वहिनी म्हणाली. "पुढचा एक सेंटीमीटर तुटलाय. एक वजा करायचा."

धाकट्याने टेपचं तुटकं टोक बोटाने चाचपलं. थोरला ह्याच टेपने मोजायचा आणि ह्याच टेपने आखायचा, म्हणून त्याचं कधी काही चुकलं नाही. धाकट्याची टेप तेवढी धड होती. सात वर्षं तो एक सेंटीमीटर जास्तीचा कापत आला होता.

मग त्याने चौथ्या दाराची एक उभी आणि एक आडवी कड एकेक सेंटीमीटर कापली, दार बिजागरीवर चढवलं. आत शिरून ओढून घेतलं. दार गुपचूप लागलं. त्याने उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. कुणी अडवलं नाही. "दादा," त्याने हाक मारली. आत फळी होती, ओटा होता, आणि तो एकटा होता. तो बराच वेळ रडला.

बाहेर आल्यावर म्हणाला, भंगारवाल्याला उद्याच बोलावतो.

वहिनीला काही उमजेना. आता तर दार लागलं की, मग गाडी मोडीत काढायची कशाला?

"आत तो होता, वहिनी. म्हणून बांधत होतो," धाकटा म्हणाला. "माझ्यावर रागावून गेला तो."

वहिनी टेपकडे बघत राहिली.

"भाऊजी, त्या संध्याकाळी ह्यांनी ही टेप माझ्या मशीनच्या खणात टाकली. म्हणाले, आता ही तुला घे. धाकट्याचं काही चुकलं नव्हतं, उगाच बोललो, उद्या सांगतो त्याला. कशाबद्दल ते मी विचारलं नाही. मला काय माहीत, तुम्ही त्यावर सात वर्षं काढाल."

वहिनीने टेपचं तुटकं टोक भिंतीला धरलं आणि दुसरी बाजू त्याच्या हातात दिली. तो मागे मागे सरकत ट्रकपर्यंत गेला. किती झालं, तिने विचारलं.

"तीनशे एक," तो म्हणाला. वहिनी पेन्सिल धरून थांबली होती. त्यातून एक वजा करून सांगायला त्याला बराच वेळ लागला.