तात्पुरती रेघ

"वाकवा हो बाई आता! भिंत संपत आलीय," स्टुलाचे पाय घट्ट धरून संचालक म्हणाले.

स्टुलावर उभ्या असलेल्या आलेखवाल्या बाईंनी लाल पेन्सिल आणखी वर चढवली. "आकडे वाकत नाहीत, साहेब."

हवामान नियोजन खात्यात चार वाजता मंत्री येणार होते. योजनेत स्वच्छ लिहिलं होतं की तापमान ठरलेली मर्यादा 'तात्पुरती' ओलांडेल आणि मग खाली येईल. मंत्र्यांची अट एकच: ते खाली येताना डोळ्यांना दिसलं पाहिजे, तरच सही. नाहीतर बाईंचं चार वर्षांचं काम कपाटात. हिरवी रेघ मर्यादेची, लाल तापमानाची. लाल रेघ खिडकीपाशी हिरवीच्या वर गेली ती गेलीच.

शेवटी कागदाचा रोल दारातून बाहेर काढावा लागला. रेघ व्हरांड्यातून निघाली, टपाल विभागासमोरून, झेरॉक्स मशीनच्या डोक्यावरून जिन्याशी पोचली. संचालकांचा चेहरा उजळला.

"जिन्यावरून आपोआप खाली येईल की!"

"हिरवीही जिना उतरेल, साहेब."

संचालकांनी हिरवीकडे असं पाहिलं, जणू तीच फितूर झाली होती.

तळमजल्यावर, स्वच्छतागृहाच्या दाराशी, लाल रेघ एकदाची हिरवीखाली आली. चाराला दोन मिनिटं कमी होती.

मंत्री पदानं वजनदार होते आणि वजनानंही. रेघेचं बोट धरल्यासारखे ते चालू लागले.

"मी आता कुठं आहे?" झेरॉक्सपाशी धापा टाकत त्यांनी विचारलं.

"आपण आता हयात नाही, साहेब," बाई म्हणाल्या. संचालकांना ठसका लागला.

"आणि माझी नात? तीन वर्षांची आहे."

"ती जिन्याच्या चौथ्या पायरीवर निवृत्त होतेय."

"तेव्हा रेघ?"

"वरच."

मंत्री चौथ्या पायरीपर्यंत उतरले आणि गुडघा धरून तिथंच बसले.

"अजून किती चालायचंय?"

"पंधरा वर्षं."

"जवळचा रस्ता नाही का एखादा?"

"पहिली पाच वर्षं पूर्वतयारीला ठेवलीत, साहेब. ती काढून यंदाच कोळशाच्या भट्ट्या बंद करायला घेतल्या, तर पाच वर्षांचा धूर वाचतो आणि रेघ पंधरा वर्षं आधी, याच पायरीवर उतरते."

मंत्र्यांनी पायरीवरून हात फिरवला. मग योजनेचा कागद आणि पेन मागितलं, 'पूर्वतयारी'वर काट मारली आणि दुखऱ्या गुडघ्यावरच कागद ठेवून सही केली.

त्यांची गाडी गेल्यावर संचालक रोल गुंडाळायला बसले आणि मध्येच थबकले.

"बाई, वर्षाला दोन फूट कशाला घेतले? दोन इंच घेतले असते, तर अख्खी रेघ त्या एका भिंतीवर मावली असती."

"मावली असती की," बाई म्हणाल्या. "जपून गुंडाळा, साहेब. सोमवारी उद्योगमंत्री येताहेत."