इंग्रजीची संथा

"अहो यज्ञेश्वरपंत, बंद करा ते! सकाळच्या प्रहरी साहेबाचे मंत्र ऐकावे, एवढं काही पाप केलेलं नाही आम्ही."

शेजारच्या ओट्यावरून माधवभट कडाडले, तेव्हा यज्ञेश्वरपंत संथा म्हणत होते. काइंड, अन्‌काइंड, काइंडनेस, अन्‌काइंडनेस. शब्दाच्या पुढे 'अन्' लावला की अर्थ उलटतो, मागे 'नेस' लावला की त्या गुणाचं नाव होतं, एवढं संगमावरच्या इंग्रज रेसिडेंट साहेबाच्या कारकुनानं त्यांना सांगितलं होतं. पुढचं घोकून पक्कं करायचं. आणि घोकायचं म्हणजे मोठ्यानं, सुरावर, डोलत. मुंजीपासून पंतांना दुसरी रीत ठाऊकच नव्हती. विद्या चोरूनही शिकावी लागते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि तिथेच हा भला माणूस फसला.

पेशवाईची ती शेवटची वर्षं. पंतांना शिकायला धाडलं होतं दप्तरातले त्यांचे वरिष्ठ दीनानाथपंत यांनी. "साहेब काय लिहितो, ते आपल्या माणसाला वाचता यायला हवं. पण बभ्रा नको हो," असं ते म्हणाले होते. बभ्रा सदाशिव पेठभर झाला. पंत इंग्रजांचे हेर आहेत, संगमावर साहेबाच्या पंगतीला बसतात, असं लोक छातीठोकपणे सांगू लागले. बघायला अर्थात कुणीच गेलं नव्हतं.

ब्राह्मणांची सभा भरली.

"कुणाच्या सांगण्यावरून जात होता?"

पंतांनी दीनानाथपंतांकडे पाहिलं. त्यांनी उपरणं सारखं केलं.

"माझ्याकडे काय बघता? मी कशाला सांगू असलं काही?"

बोलताना गृहस्थाची जीभ जराही अडखळली नाही. पंतांच्या घरचा पंक्तिव्यवहार बंद झाला.

"वैशाखात मामंजींचं श्राद्ध," त्यांची बायको मथुराबाई म्हणाल्या. "पानावर कोण बसणार? का त्यांना उपाशी ठेवणार आहे तुमची ती भाषा?"



कार्तिकात लढाई झाली आणि शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. वैशाख लागला आणि दीनानाथपंत आपल्या पायांनी दारात आले.

"झालं गेलं गंगेला मिळालं. आमच्या मुलाला चार शब्द शिकवा. साहेबाच्या कचेरीत चिकटेल."

पंतांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ते सावकाश बोलले.

"शिकवतो. परवा वडिलांचं श्राद्ध आहे. पानावर येऊन बसा."

"त्याचं असं आहे... आम्हाला पेठेत राहायचं आहे."

"मग मुलालाही पेठेतच ठेवा," पंत म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं. साहेबाच्या राज्यात इंग्रजी येणारा माणूस, पण श्राद्धाला दोन ब्राह्मण त्याला मिळेनात.

ब्राह्मण नसले तर त्यांच्या जागी दर्भाचे चट मांडावेत, अशी सोय शास्त्रात आहे. पंतांनी गवताच्या त्या दोन गाठी पाटांवर बसवल्या, त्यांचे पाय धुतल्यासारखं पाणी सोडलं, मंत्र स्वतःच म्हटले. मथुराबाईंनी दोन पानं वाढली. खीर, वडे, भाज्या, सगळं साग्रसंगीत.

"सावकाश होऊ द्या," पंत हात जोडून म्हणाले. मग खाली वाकून त्यांनी आग्रहानं आणखी एकेक वडा वाढला.