मुंगवड्यांची पहिली ओळ

जागृतीची लेक मैत्री आठ महिन्यांची झाली होती आणि जागृतीची कॉम्प्युटरची प्रॅक्टिकल परीक्षा उद्यावर आली होती. बाळंतपणात कॉलेज सुटलं. आता वर्ध्याला जाऊन एवढा एक विषय काढला की डिग्री हातात. आणि सगळं अडलं होतं प्रोग्रॅममधल्या एका लूपवर, तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणाऱ्या सूचनेवर. मॅट्रिक्समधला, म्हणजे ओळी आणि घरांच्या चौकटीतला, प्रत्येक आकडा दुप्पट करायचा, बस. पण मोबाइलवर रन केलं की पहिलीच ओळ दुप्पट व्हायची. खालच्या तिन्ही ढिम्म.

कारंजा गावातल्या घराच्या गच्चीवर तिच्या सासूबाई, जिजाबाई, जुन्या लुगड्यावर वाटलेल्या मूगडाळीच्या मुंगवड्या टाकत होत्या. चार ओळी, ओळीत पाच. शेवटच्या वडीपुरतं वाटण उरलं नाही, म्हणून तेवढं घर रिकामं. मैत्री बाजूला गोधडीवर आपलाच अंगठा चोखत होती.

‘हेच मॅट्रिक्स घेऊ,’ असं म्हणून जागृतीनं वड्यांकडे बघत रन दाबलं.

पहिल्या ओळीतल्या पाचही वड्या टम्म फुगल्या. बरोबर दुप्पट.

जिजाबाईंनी चष्मा वर केला. “काऊन वं, पहिल्याच ओळीचे लाड? बाकीच्यायनं काय घोडं मारलं तुह्यं?”

“आई, तेच तर कळत नाही! बाहेरचा लूप ओळी मोजतो, आतला लूप घरं मोजतो. पहिली ओळ होते, मग पुढं काहीच नाही.”

“अवं, ओळ सरली का हात मांगं आणा लागते. पाह्य, मी पाचवी वडी टाकली का पुन्हा डाव्या कोपऱ्यात येतो. तुहा हात पाचव्यापाशीच अटकून राह्यला.”

जागृतीनं स्क्रीनकडे पाहिलं. खरंच की! घरं मोजणारा आकडा पाचावर जाऊन बसला होता. दर ओळीला त्याला पुन्हा पहिल्या घरावर आणायचं तिनं लिहिलंच नव्हतं. तिनं ते लिहिलं आणि आनंदानं रन दाबलं.

तेवढ्यात मैत्री रांगत रांगत त्या रिकाम्या घरात जाऊन बसली होती.

पहिली ओळ आणखी फुगली, मग दुसरी फुगली, तिसरी फुगली, चौथीही फुगली. शेवटच्या घरातली मैत्रीही दुप्पट झाली. सोळा महिन्यांची. झबल्याच्या शिवणी उसवल्या, तोंडभर दात चमकले आणि ती उभी राहून तुरुतुरु चालायला लागली.

“बरं झालं,” जिजाबाई म्हणाल्या, “कडेवरचं वझं गेलं.”

जागृतीनं मात्र मोबाइल खाली ठेवला. ‘लवकर मोठी हो गं, मला अभ्यास करू दे,’ असं तीच रोज म्हणायची. पण मधले आठ महिने? पहिलं पाऊल, पहिला दात, पहिलं ‘आई’? ते कुणी पाहिलं?

“आई, मला माझी तेवढीच पाहिजे!”

“मंग निम्मं कर नं. दोननं गुणलं तं आता अर्ध्यानं गुण.”

जागृतीनं आकडा बदलला. पण मैत्री त्या रिकाम्या घरात थांबेल तर शपथ! पाय फुटलेलं लेकरू गच्चीभर पळत होतं. शेवटी जिजाबाईंनी पहिल्या ओळीतली भाकरीएवढी वडी उचलून दाखवली. “ये वं माय, हे घे.” मैत्री धावत आली. वडी पहिल्या घरात परत, मैत्री शेवटच्या घरात, खांद्यावर आजीचा हात घट्ट. जागृतीनं रन दाबलं.

पहिली ओळ. हात मागं. दुसरी. हात मागं. तिसरी. चौथी.

बोळक्या तोंडाची मैत्री अंगठा चोखत होती. बाकी वड्या मूळच्या मापावर आल्या. पहिली ओळ तेवढी अजून दुप्पट राहिली, कारण तिला एक गुणाकार जास्त बसला होता. जागृतीनं मैत्रीला उराशी धरून तिच्या हिरड्यांवरून बोट फिरवलं. एकही दात नाही. कित्ती छान.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याला तिनं लूप एका दमात लिहिला. परीक्षक म्हणाले, “करा रन.”

“एक मिनिट, सर,” जागृती म्हणाली, आणि खिडकीतून बाहेर पाहून आली. मैत्री सोबत आलेल्या आजीच्या मांडीवर झोपली होती, मॅट्रिक्सपासून चांगली लांब.

मग तिनं रन दाबलं.