बेथॉक आजीचा बाप

बेथॉक आजीचा बाप कोण, हे अख्ख्या खोऱ्यात कोणालाच माहीत नव्हतं, आणि धन्याचा कारकून डगल याला नेमकं तेच हवं होतं. आजी लहानपणी टायरी बेटावरून लोकरीच्या गठ्ठ्यांबरोबर होडीतून आली, एवढंच लोक सांगत. अशा मुलीला मागाहून कुठलाही बाप चिकटवता येतो. वीस वर्षांपूर्वी डगलने तिला थोरला गिलमोर चिकटवला, म्हणजे खोऱ्याचा धनी फर्कर याचा पणजोबा. फर्करची बायको ओराबिला ही बेथॉकची नात. झालं, नवरा-बायको एकाच रक्ताचे निघाले, चर्चला न चालणाऱ्या चार पिढ्यांच्या आतले. डगलने बिशपसमोर शपथ घेतली आणि लग्न रद्द झालं. 'कोणाची हरकत आहे का?' असा चर्चमध्ये तीन रविवार पुकारा न करताच ते उरकलेलं असल्यामुळे, मूल तरी औरस ठेवणारी 'आम्हाला ठाऊक नव्हतं' ही सबबही चालली नाही. ओराबिलाची रवानगी मठात झाली, चार वर्षांची मारिओटा एका दुपारीत अनौरस ठरली, आणि महिनाभरात फर्करने बुखनची युफेमिया घरात आणली. तिचं पोट दिसायला लागलं होतं, त्यामुळे पुकाऱ्याला या खेपेलाही सवड मिळाली नाही.

मठात ओराबिलाने देवाचं किती केलं ते देवच जाणे. फर्करचा द्वेष मात्र तिने नेमाने केला, सकाळ-संध्याकाळ, एकही दिवस न चुकवता. तिच्याकडे काम होतं मृतांच्या पोथीचं. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं रोज सकाळी मोठ्याने वाचायची. नाव पुरतं लागे, कोणाची लेक, कोणाची आई, कुठली, सगळं. नाहीतर प्रार्थना भलत्याच माणसाला पोचायची.

सात वर्षांपूर्वी युफेमियाचा मुलगा कोलिन तापाने फणफणला. आपल्या आजीचा आत्मा अडकलाय, म्हणून पोरगं भोगतंय, असं तिच्या मनाने घेतलं. तिने मठाला मेणबत्त्यांसाठी मेण पाठवलं आणि चिठ्ठी: 'माझ्या आईची आई बेथॉक हिच्यासाठी प्रार्थना करा. टायरीहून होडीतून आलेली, बाप अज्ञात. लग्नाआधी झालेली मुलगी तिने बुखनला दिली, त्या मुलीची मी लेक.'

ओराबिलाने चिठ्ठी दोनदा वाचली. आपल्या आईला एक थोरली बहीण होती, ती लहानपणीच कुठेतरी देऊन टाकली, हे तिने आईच्या तोंडून ऐकलं होतं. डगलने युफेमियाची सात पिढ्यांची वंशावळ तपासली होती, पण बापाकडची. हुंडा बापाकडून येत होता ना. आईच्या बाजूला त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. त्या रात्री ओराबिलाला इतकी गाढ झोप लागली, की सकाळच्या घंटेला इतर नन्सना तिला हलवून उठवावं लागलं.

ती गप्प राहिली. जिवंत फर्करने बिशपला गाठून हेही मिटवलं असतं. तो मरायची तिने सात वर्षं वाट पाहिली, आणि या हिवाळ्यात तो मेला.

वारस ठरवायला राजाचा शेरीफ आला, तेव्हा ओराबिलाने आदल्या संध्याकाळीच त्याला पोथी आणि तिच्यात जपून ठेवलेली चिठ्ठी दाखवली. बातमी फुटायला कितीसा वेळ लागतो? सकाळी ती निवाड्याची टेकडी चढायला निघाली, तर पायथ्याशी युफेमिया उभी होती.

"ताई," ती म्हणाली, "आपण सख्ख्या मावसबहिणी निघालो गं."

"वीस वर्षं माझ्या बिछान्यात झोपलीस, तेव्हा ताई नाही आठवली."

"मला काय माहीत होतं? तुझी आजीही तीच, हे मला कोणी सांगितलं? ऐक ना. पूर्वेकडची तीन शेतं आणि पाणगिरण मारिओटाच्या नावाने करते. शिक्कामोर्तब करून देते, आत्ता. एवढं असल्यावर हुंड्यासाठी अडून बसलेला तिचा तो ॲलन लगेच लग्नाला तयार होईल. पोरगी चोविशीची झाली ताई, मामाच्या घरी दुसऱ्यांचं चीज वळतेय."

"आणि मी काय करायचं?"

"शेरीफला सांग, ती बेथॉक वेगळी. बस."

ओराबिलाने पुढे पाऊल टाकलं. मग म्हणाली, "बाजूला हो. मला चढ लागतो, थांबले की दम भरतो."

टेकडीवर निवाडा द्यायला शपथ घेतलेले पंधरा जण बाकड्यांवर बसले होते. मारिओटा बायकांच्या घोळक्यात उभी होती, तिने उसना झगा घातला होता. शेरीफने चिठ्ठी वाचून दाखवली. ती खरी आहे का, असं विचारल्यावर युफेमियाने मान खाली घातली. मग ओराबिलाने म्हाताऱ्या डगलला पुढे बोलावलं.

"डगल, एकच विचारते. माझ्या आजीचा बाप थोरला गिलमोर होता की नव्हता?"

"एवढी वर्षं झाली, बाईसाहेब..."

"शपथेला वर्षं नसतात. होय म्हणालास, तर युफेमियाही त्याच आजीची नात. मग तिचंही लग्न गेलं, कोलिनही अनौरस. नाही म्हणालास, तर माझं लग्न खरं, मारिओटा वारस. आणि तू बिशपसमोर खोटं बोललास. त्याला काय शिक्षा आहे, ते शेरीफसाहेबांना विचार."

"जीभ छाटतात," शेरीफ म्हणाला.

बायकांच्या घोळक्यात मारिओटा एक पाऊल पुढे आली. खोरं तिचं व्हायला एक शब्द पुरेसा होता. डगलने तिच्याकडे पाहिलं, कोलिनकडे पाहिलं, ओठ चाटले.

"होता," तो म्हणाला. "थोरला गिलमोरच होता."

पंधरा जणांना फार बोलावं लागलं नाही. दोन्ही लग्नं रद्द, औरस वारस कोणी नाही, खोरं राजाकडे जमा. वीस वर्षांचा कोलिन लहान पोरासारखा आईला "म्हणजे काय?" असं विचारत राहिला. ओराबिलाच्या छातीत आनंद मावत नव्हता. ज्या खोट्याने तिला घराबाहेर काढलं, त्याच खोट्याने फर्करचं घर बुडालं होतं, आणि तेही त्याच्याच कारकुनाच्या तोंडून.

युफेमिया मुलाला घेऊन निघाली. जाता जाता ती मारिओटापाशी थांबली.

"तीन शेतं आणि गिरण देत होते मी तुला. सकाळीच. विचार तुझ्या आईला."

मारिओटा आईसमोर येऊन उभी राहिली.

"डगल काय म्हणणार, तुला ठाऊक होतं?"

"त्याला त्याची जीभ प्यारी आहे. ठाऊक होतं."

"म्हणजे खोरं मला मिळणारच नव्हतं."

"नव्हतं."

"आणि जे मिळत होतं, ते तू मला न विचारताच नाकारलंस."

"त्यांनी तुला रस्त्यावर आणलं होतं, मारिओटा. आज ते आले रस्त्यावर."

"मी अजून तिथेच आहे, आई," मारिओटा म्हणाली. झगा मळू नये म्हणून तो दोन्ही हातांनी उचलून धरत ती टेकडी उतरू लागली.

ओराबिलाने तिला हाक मारली नाही. आनंद अजून तसाच होता, पुरेपूर. तो कोणाला तरी सांगावा म्हणून तिने आजूबाजूला पाहिलं. शेरीफचा माणूस बाकडी गोळा करत होता, आणि त्याला त्या वीस वर्षांतलं काही माहीत नव्हतं.