बॉस्टनची पाने आणि सुकापूरचा बदाम

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरात घट बसतो, आणि ज्याच्या हातून तो बसतो त्याने दसऱ्यापर्यंत गावाची वेस ओलांडायची नसते. हा नियम सुकापूरच्या घरतांच्या कुळात कोणी घातला हे कोणास ठाऊक नाही. परंतु तो मोडल्याचेही कोणाच्या स्मरणात नाही. बळीराम घरत यांनी तो वडिलांच्या पश्चात निष्ठेने पाळला होता. भोवतालच्या भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि वेस नेमकी कोठे आहे हे सांगणे दुष्कर झाले, तेव्हा त्यांनी पुष्कळ विचार करून न्यू पनवेलकडच्या रस्त्यावरील औषधांचे दुकान हीच वेस ठरवली. नवरात्रात ते त्या दुकानापर्यंत जात आणि पायरी न चढता परत येत. गोळ्या हव्या असल्यास दुकानदार स्वतः खाली उतरून देई. त्यालाही आता त्यात काही विशेष वाटत नसे.

अशा या गृहस्थाला त्याच्या कन्येने ऐन शरद ऋतूत बॉस्टनला बोलावले.

रंजिता तेथे नवऱ्यासह राहत होती. तिने आईवडिलांसाठी बेत आखला होता तो असा: प्रथम काही दिवस शहर पाहायचे, तेथील बंदर, नदी, जुन्या विटांच्या गल्ल्या, आणि मग मोटारीने उत्तरेकडच्या डोंगरांत जायचे, कारण त्या सुमारास तेथील अरण्ये लाल होतात आणि ती पाहण्यास दुरून माणसे येतात. व्हिसा झाला होता. तिकिटे काढायची तेवढी राहिली होती.

हौसाबाईंना अरण्यांचे अगत्य नव्हते. लेकीचे लग्न होऊन इतकी वर्षे लोटली, तरी तिचे घर त्यांनी फोनच्या पडद्यावरच पाहिले होते; स्वयंपाकघराचा एक कोपरा तर कधीच दिसला नव्हता, आणि तेथे काय आहे हा प्रश्न त्यांना छळत असे. त्यात डॉक्टरांनी उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया सांगितली होती. "यंदा पाय चालतो हाय," त्या म्हणत, "तं यंदाच जायाचा. फुडच्या वर्साचा भरवसा त्या डॉक्टरलाच नाय."

बळीरामांनी पंचांग भिंतीवरून उतरवले. त्या वर्षी अधिक मास येऊन गेल्यामुळे सारे सण लांबले होते. त्यांनी चष्मा लावला, बोट फिरवले आणि रंजिताला फोन लावला.

"बाबा, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा बेस्ट," रंजिता म्हणाली. "कलर्स अगदी पीकवर असतात तेव्हा."

"त्यात घट हाय."

"मग त्याच्या आधी या."

"त्याच्या आधी पितरं हायत. पितरांना दारात उभं करून मी इमानात बसू?"

"मग?"

"दसरा झाला का निघतो. त्या झाडांना म्हनावं, जरा दम धरा."

"बाबा, झाडं थांबत नाहीत हो. तोवर डोंगरात नुसत्या काड्या उरतात."

"का? त्यांना अधिक मास नाय?"

"नाही."

बळीरामांना हा त्या देशाच्या व्यवस्थेतील दोष वाटला. परंतु परक्याच्या घरातील उणे काढू नये म्हणून ते काही बोलले नाहीत.

घट दुसऱ्याच्या हातून बसवता येत नव्हता असे नाही. त्याच रक्ताच्या पुरुषाने नारळ स्वीकारून तो बसवला तर आईला, म्हणजे एकवीरेला, चालत असे. बळीरामांना पुत्र नव्हता. त्याच रक्ताचा पुरुष गावात एकच होता: त्यांचा धाकटा भाऊ हिराजी. तो शेजारीच राहत असे, आणि बळीराम त्याच्याशी बोलत नसत.

या अबोल्याचे मूळ बळीरामांच्या परसात उभे होते. तो देशी बदामाचा वृक्ष होता. त्याचे खोड बळीरामांच्या जागेत आणि छत्र हिराजींच्या अंगणावर, अशी त्याची रचना विधात्याने केली होती. बारा महिने त्याची दोनचार पाने रोज गळत. माघात मात्र तो सबंध वृक्ष तांबडालाल होऊन थाळीएवढी पाने अहोरात्र ढाळी, आणि ती ढाळी हिराजींच्या अंगणात. हिराजींनी प्रथम तक्रार केली. मग एका सकाळी पानांचा ढीग भिंतीवरून अलीकडे टाकला. बळीरामांनी तो पलीकडे टाकला. असे काही दिवस झाल्यावर पाने चुरा होऊन संपली, परंतु भिंत दोन विटांनी वाढली आणि भाषण थांबले. पुढे काही सांगायचे झाल्यास दोघे आपापल्या पत्नीला उद्देशून मोठ्याने बोलत. पत्नी मात्र त्याच भिंतीवरून सुकट आणि आमसुलांची देवघेव पूर्ववत करीत राहिल्या.

एका सायंकाळी बळीराम आणि हौसाबाई ओट्यावर बसले असता रंजिताचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या मागे रस्त्याकडेचे एक झाड शेंड्यापासून लाल होऊ लागले होते.

बळीरामांनी फोन दूर धरून ते निरखले. कर्नाळ्याच्या रानात फाल्गुन संपताना कुसुंब असाच पेटतो. आंब्याची नवी पालवीही तांबूसच येते. लाल पान म्हणजे नुकते जन्मलेले पान, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते.

"पालवी झाक फुटली हाय," ते म्हणाले. "कवली पानं बघायला मानसं जातात, ता बरा हाय. नव्या जन्माचा दर्शन घ्यावा."

रंजिता हसू लागली. "बाबा, पालवी नाही ती! गळायला आलीत ती पानं. आपल्या बदामाची नाही का माघात लाल होऊन पडतात? तस्सं."

बळीरामांनी फोन जवळ आणला.

"बदामासारी?"

"सेम. फक्त पानं लहान, आणि झाडं खूप. सगळा डोंगरच."

"आनि ती बघायला लोक मुद्दाम जातात?"

"हॉटेलं आधीच फुल होतात, बाबा."

भिंतीपलीकडे कोणी तरी खाकरले. मग हिराजींचा आवाज आला, पत्नीला उद्देशून, सावकाश आणि स्पष्ट: "रंभे, जरा इचार गं, तिकडं झाडतं कोन?"

"कोणीच नाही, काका!" रंजिता फोनमधून ओरडली. "तशीच पडून राहतात. छान वाटतं!"

बळीरामांनी फोन हौसाबाईंच्या हाती दिला आणि ते आत गेले.

रात्रीच्या जेवणात त्यांनी निर्णय सांगितला. मरत्या पानांसाठी घट सोडून सातासमुद्रापार जाणे त्यांच्या बुद्धीस पटत नव्हते.

"बरा," हौसाबाई म्हणाल्या. "तुमी ऱ्हावा. मी एकली जाते."

"एकली? मधी इमान बदलायला लागतं."

"मंग बदलीन. पेनला यष्टी बदलली नाय कवा मी?"

"इंग्रजी येतं?"

"पेनला तरी कोनाशी बोलले? बोर्ड बघून चढले." त्यांनी भात वाढला. "घट तुमचा, पोरगी माजी. तुमी तुमचा सांभाला, मी माजा सांभालते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीसाठी सुका जवळा भाजायला घेतला. बॅग उघडून ओट्यावर ठेवली. जवळा भरण्यासाठी डब्याकडे जाताना उजवा पाय उचलण्याआधी त्यांनी दाराची चौकट धरली, क्षणभर थांबल्या आणि मग उंबरा ओलांडला. बळीरामांनी ते पाहिले. परक्या विमानतळावर त्या क्षणी चौकट कोठे असेल, याचा ते दुपारभर विचार करीत राहिले.

सायंकाळी त्यांनी स्नान केले, स्वच्छ सदरा घातला, ताम्हनात नारळ, सुपारी आणि विड्याची पाने ठेवली. भिंतीवरून हाक मारणे सोपे होते. परंतु घटाचा नारळ दारातूनच न्यावा लागतो. म्हणून ते स्वतःच्या फाटकातून बाहेर पडले, रस्त्यावरून चालत गेले आणि भावाच्या फाटकातून आत शिरले.

हिराजी खुर्चीवर बसले होते. त्यांनी थोरल्या भावाला येताना पाहिले, नारळही पाहिला, आणि आत हाक मारली, "रंभे, कोन आलाय बघ."

रंभाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "तुमचे दादा हायत. डोले हायत ना तुमाला?"

"त्याला सांगा," बळीराम रंभाबाईंकडे पाहून म्हणाले, "का घटाचा नारल आनलाय."

"मी कोनाचा निरोप न्यायची नाय आता," रंभाबाई म्हणाल्या. "एका आयशीचं दूध प्यायलात. हाताच्या अंतरावर हायत दोघं. बोला न्हायतर बसा गप. मी चहा टाकते." आणि त्या आत गेल्या.

बदामाचे एक पान खाली आले आणि दोघांच्या मध्ये पडले. कोणीही ते उचलले नाही.

"यंदा घट तू बसव," अखेर बळीराम म्हणाले. "माज्या घरात येऊन. हौसेला एकलीला धाडवत नाय."

हिराजींनी ताम्हनातल्या नारळाकडे पाहिले.

"वेस कुठं धरतोस तू?" त्यांनी विचारले.

"मेडिकलपरत."

"ती वेस नाय. बाबा पिंपलापरत जायाचे."

"पिंपल तोडला. तिथं टॉवर झाला."

"मंग टॉवरपरत."

बळीरामांनी विचार केला. टॉवर औषधांच्या दुकानाच्या थोडा पुढे होता. एवढी वर्षे आपण वेस अलीकडे ओढून घेतली होती, हे त्यांना मान्य करावे लागले.

"बरा," ते म्हणाले. "टॉवरपरत."

हिराजींनी नारळ उचलून कपाळाला लावला. मग म्हणाले, "दादा, माजी एक अट हाय."

बळीरामांची दृष्टी आपोआप बदामाकडे गेली. अट तो तोडण्याचीच असणार, आणि ती मानली तरच हौसाबाईंना सोबतीने जाता येईल, हे त्यांना दिसत होते. आणि आपण हो म्हणू हेही त्यांना दिसत होते. "बोल," ते म्हणाले.

"तिकडचा एक पान आन. मानसं गाड्या करून बघायला जातात, तो माल काय हाय तो मला बघायचा हाय."

रंभाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा दोघे टॉवर वेशीच्या आत धरावा की बाहेर यावर भांडत होते. त्यांनी कप ठेवले आणि भिंतीवरून हौसाबाईंना हाताने खूण केली की विमानाची तिकिटे काढा.

पितृपक्ष संपला त्याच रात्री बळीराम आणि हौसाबाई निघाले. विमान बदलताना हौसाबाईंनी बळीरामांचा दंड धरला; आपणच नवऱ्याला सांभाळून नेत आहोत असा समज त्यांनी शेवटपर्यंत ठेवला. बॉस्टनला पोचल्यावर त्यांनी स्वयंपाकघराचा तो न दिसलेला कोपरा पाहिला. तेथे कचऱ्याचा डबा होता. त्यांनी तो हलवला आणि समाधानाने चहा घेतला. शहराच्या बंदरावर बळीरामांनी मासळीचा बाजार कोठे भरतो याची चौकशी केली, आणि मासळी काचेआड ठेवलेली पाहून पुढची चौकशी केली नाही.

मग ती मंडळी डोंगरात गेली. रंजिताने एका वळणावर गाडी थांबवली. समोर दरी होती, आणि दरीपलीकडे पर्वतामागून पर्वत, नजर पोचेल तेथवर, शेंदरी, केशरी, किरमिजी. वारा आला की त्या रंगांतून एक लाट जाई आणि असंख्य पाने एकाच वेळी फांदी सोडीत. कठड्याशी बरीच माणसे उभी होती. कोणी मोठ्याने बोलत नव्हते. बळीरामांनी नकळत पायांतले बूट काढले आणि हात जोडले. रंजिताने थंडीचे कारण सांगून ते पुन्हा घालायला लावले.

त्यांनी घरी फोन लावला. तिकडे सायंकाळ झाली होती. पडद्यावर समईची ज्योत, घटावर लोंबणारी झेंडूची माळ, मातीतून वर आलेले कोवळे पिवळे अंकुर आणि सोवळे नेसलेले हिराजी दिसले.

बळीरामांनी फोन दरीकडे वळवला.

"हे समदा पडनार?" हिराजींनी विचारले.

"पडतंय."

"आनि झाडत नाय कोनी?"

"नाय."

"मंग काय करतात?"

"उभी राहून बघतात."

"किती वेल?"

"आमी आल्यापासून ही हितंच हायत."

हिराजींनी समईत तेल घातले. "बदाम अजून हिरवा हाय," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दिवाळी लेकीकडे करून, बर्फ पाहून, बळीराम आणि हौसाबाई माघ लागता परतले. बॅगा ओट्यावर ठेवताच पलीकडून रंभाबाईंची हाक आली. "वैनी, यांना काय तरी सांगा! चार दिस झाले, अंगन झाडू देत नाय. म्हनतात दादा येवदे."

दोघे रस्त्याने फिरून फाटकातून आत गेले. हिराजींच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बदाम शेंड्यापासून बुंध्यापर्यंत लाल झाला होता आणि पाने एकेक करून, थाळी ठेवल्यासारखा आवाज करीत, जुन्या पानांवर उतरत होती. भिंतीशी दोन खुर्च्या झाडाकडे तोंड करून मांडल्या होत्या. एकीवर हिराजी बसले होते.

बळीरामांनी सोबत नेलेले पंचांग उघडले. त्यात जपून ठेवलेले ते डोंगरातले पान प्रवासात तपकिरी पडले होते आणि त्याचे एक टोक मोडले होते. हिराजींनी ते तळहातावर घेतले आणि दोन्ही बाजूंनी पाहिले.

"इतकाच?" ते म्हणाले. "आपल्या पानावर मानूस जेवील."

"तिकडं खूप हायत."

"बस."

बळीराम दुसऱ्या खुर्चीवर बसले. हौसाबाई आणि रंभाबाई पायरीवर टेकल्या. रंभाबाईंनी विचारण्याआधीच हौसाबाई त्या कोपऱ्यातील डब्याची हकिगत सांगू लागल्या. ऊन उतरू लागले आणि बदामाच्या पानांतून आरपार दिसू लागले. सबंध अंगणावर तांबूस उजेड पडला. दोघे भाऊ वर पाहत राहिले.

मग हिराजी उठले. भिंतीला टेकवलेला खराटा त्यांनी आणला आणि थोरल्या भावाच्या हातात दिला.

"बघून झाला ना?" ते म्हणाले. "झाड आता."

बळीराम उठले, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि भिंतीच्या कडेने झाडायला सुरुवात केली.